अक्काचा स्वतःचा आवाज

आमची अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, तेलुगू सिनेमात काय करत नाही ते विचारा. काम करते, नाच बसवते, गाणी लिहिते. आता तर स्वतः लिहून, दिग्दर्शन करून अख्खा सिनेमा काढला. एवढं असूनही आजवर पडद्यावर तिच्या तोंडून बोलायची भलतीच बाई. का, तर म्हणे हिची तेलुगू गावंढळ! ती भाषा अक्का आमच्या धर्माबादच्या घरात अम्माकडून शिकली. अम्माचं माहेर सीमेपलीकडचं, तेलंगणातलं. हैदराबादची माणसं अक्काचं बोलणं ऐकून हसायची, अन् मला अस्सा राग यायचा! अरे, ही आमच्या आईची भाषा आहे, हसता काय?

अक्काचा पहिला सिनेमा लागला तेव्हा अम्मा ठेवणीतलं लुगडं नेसून टॉकीजला आली, अन् अर्ध्यातून उठली. "तोंड लेकीचं हाय, पण बोलून राहिली ती कोण? मला न्हाई बघायचं." पुन्हा तिनं लेकीचा एकही सिनेमा पाहिला नाही. आता तर डोळेच गेले. उरले ते कान.

म्हणून या सिनेमात अक्का हट्टाला पेटली. सिनेमातली बाई सीमेवरची आहे, तर आवाजही माझाच. निर्माता कसाबसा कबूल झाला. शूटिंग संपलं, पडद्याकडे बघत संवादही पुन्हा बोलून झाले, शेवटचा सीन तेवढा उरला, अन् नेमका घसा बसला. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून बजावलं, "महिनाभर एक शब्द नको. ताण दिलात तर आवाज परत येईलच असं नाही." इकडे निर्मात्याचा फोन, "उद्या संध्याकाळपर्यंत शेवटचा सीन द्या, नाहीतर आमची डबिंगवाली मुलगी सगळं डब करेल."

अक्कानं मोबाइलवर टाइप करून मला दाखवलं, 'नांदेडला स्टुडिओ बघ.'

"डोकं ठिकाणावर हाय का तुझं?" मी ओरडले. तिनं तोच मोबाइल पुन्हा माझ्यापुढे धरला. मी मुकाट फोन लावला.

स्टुडिओ कसला, देवाची गाणी रेकॉर्ड करायची खोली. अम्मा हट्टानं सोबत आली. दिसत नाही, बाहेर एकटीला कुठं बसवणार? आतच कोपऱ्यात खुर्ची दिली. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "आजी, बिलकुल आवाज करायचा नाही हं."

सीनमध्ये अंधारात वाट चुकलेली बाई आईला हाक मारते. हाक तेवढी एकच. अक्कानं तोंड उघडलं, नुसती हवा निघाली. कोमट पाणी प्यायली. पुन्हा हवाच. बस कर, मी हातानं खुणावलं.

तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले.

"अम्मा!"

फाटका, खरखरीत, पण अक्काचाच आवाज! अन् कोपऱ्यातून अम्मा ताडकन उठली. "ओस्तुन्ना बिड्डा!" येते गं बाळा. किती वर्षांनी तिच्या तोंडून माहेरची भाषा आली असेल.

रेकॉर्डिंगवाल्यानं कपाळावर हात मारला. "आजींचा आवाज आला ना. परत घ्यावं लागतंय, मॅडम."

अक्कानं तोंड उघडलं. काहीच नाही. गळा दाबून धरला, पुन्हा प्रयत्न केला. काहीच नाही. ती मान हलवायला लागली, तेव्हा मला कळलं, आवाज गेला.

"परत न्हाई!" मी किंचाळलेच. "हाय तेच पाठवा! लेकीनं हाक मारल्यावर आई ओ देणार न्हाई तर काय करणार? अन् निर्मात्याला सांगा, यातला एक शब्द काढलात तर मी हैदराबादला येऊन बसते." अक्कानं डोळे पुसत होकार दिला, अन् त्यानं ते तसंच पाठवलं.

अम्मा तोवर भिंत चाचपत अक्कापाशी पोचली होती. तिचे गाल, हनुवटी चाचपून ती हसली.

"हां, ही माझी लेक. बोल की गं अजून. गप का झालीस?"