दादाचा फणस

छपरावर नवा अँटेना बसवताना मेकॅनिकने आधी वायरचा जोड उघडून पाहिला. “चित्र फुटलं की पहिलं हे बघायचं, आजोबा.”

खूप वर्षांपूर्वी चित्र बिघडलं तेव्हा मी ते पाहिलं नव्हतं. टीव्हीवर मुंग्या येतात म्हणून दादाने वारण्यापूर्वी लावलेला फणस मी तोडायला लावला. वहिनी झाडापासून बाजूला झाल्या. तरी मुंग्या राहिल्याच. मग गंजलेला जोड सापडला. तो मी गुपचूप बदलला.

“झाडच आड येत होतं म्हणायचं, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. मी “हो” म्हणालो. चित्र स्वच्छ झालं की कारण कुणी विचारत नाही, आणि खोटं वर्षानुवर्षं घरात नांदतं.

आज वहिनींना सगळं सांगितलं. उठून त्यांनी टीव्ही बंद केला.