नाचणीच्या डब्यातली साखर

डॉक्टरांनी माझी साखर बंद केली आणि सूनबाईने ती लपवली. डॉक्टर विसरले असतील, ती विसरत नाही. तिची कंप्युटरची नोकरी हडपसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावरून चालते. स्वयंपाकघर पाठीशीच. डबे स्टीलचे, झाकण वाजलं की तिची मान वळते. म्हणजे एका वेळी एकच डबा उघडायचा. मी चौथीपर्यंत शिकलोय, पण डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता येतात. ‘साखर’ वाचून चमचा बुडवला, तर आत तांदळाची पिठी. चहाची पेज झाली. ती मी मुकाट प्यायलो, वर छान झालाय म्हणालो.

त्याच दुपारी ती फोनवर ऑफिसातल्या कुणाला तरी झापत होती. फोन ठेवल्यावर मी विचारलं, त्याचं काय चुकलं? समजावून सांगायची तिला हौस. म्हणाली, माहितीच्या रकान्याचं नाव त्याने हाताने टाइप केलं. पुढे कुणी रकान्याचं नाव बदललं, टाइप केलेलं जुनंच राहिलं, आणि स्क्रीन कोरी. म्हणून नाव टाइप करायचंच नाही. ‘या गिऱ्हाइकाचा पत्ता’ अशा अर्थाची छोटी ओळ लिहायची, तिला लॅम्डा म्हणतात. तिचा रोख कुठल्या रकान्यावर आहे ते प्रोग्रॅम बघतो आणि आज त्याचं जे नाव असेल ते तिथूनच उचलतो.

“मग पत्ता मिळतो?”

“नाही बाबा, ओळ चालवायचीच नाही. नुसती वाचायची. आपल्याला पत्ता नकोय, नाव हवंय.”

हे मला फार पटलं.

दुसऱ्या दिवशी चहा उकळत ठेवून मी सहज विचारलं, विश्रांतवाडीहून तुझे आईवडील आले आणि तू मीटिंगमध्ये असलीस, तर त्यांच्या चहात साखर कुठून घालू?

“नाचणीच्या डब्यातून,” ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. मग टाइप करायचा आवाज थांबला. “बाबा.”

“मी साखर मागितली का? ओळ चालवली नाही, नुसती वाचली.”

ती उठेपर्यंत कपात चमचा फिरला होता. तिने हसू दाबलं, पण मला दिसलं.

संध्याकाळी तिने डब्यांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या बदलल्या. बदलू देत, माझा प्रश्न तोच होता. सकाळी पुन्हा विचारला.

“आईबाबांनी साखर सोडली,” ती म्हणाली. “काल रात्री मीच फोन करून सोडायला लावली.”

असू दे. आमच्या मजल्यावर आणखी बिऱ्हाडं आहेत. सगळ्यांना चहा गोडच लागतो, हे मी विचारून ठेवलंय.