मोकळी मेमरी

कुडाळच्या घरून मी एका कंपनीचे मुंबईतले सर्व्हर सांभाळतो. एकेकात दोन टेराबाईट मेमरी. त्यांवर चालणारा लिनक्स ती रिकामी पडू देत नाही; डिस्कवरून वाचलेलं तिथेच ठेवतो, म्हणजे पुन्हा मागितलं की लगेच मिळतं. दुसऱ्या कामाला जागा लागली की मुकाट सोडतो. हे साहेबांना सांगून माझी जीभ झिजली. त्यांना मेमरी भरली की आलेखात येणारा लाल रंग तेवढा दिसायचा. शेवटी त्यांनी माझ्या अपरोक्ष रोज सकाळी मेमरी आपोआप साफ होईल अशी सोय करून घेतली. नेमक्या कामाच्या वेळी सगळं पुन्हा डिस्कवरून उपसायचं! ग्राहक बोंबलायला लागले.

मी फोनवर असा तडकलो, की खळ्यात काजू वाळत घालणारी आई दारात आली. "कोणावर वरडतंस रे?"

"साहेब, पावसाळ्याची बेगमी करून माळा भरायचा आणि तो भरलेला दिसतो म्हणून रोज रिकामा करायचा?"

"पण आलेख हिरवा झाला ना?"

पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी तो हिरवागार आलेख सगळ्यांना दाखवला. मग सर्व्हर का रखडतात? तर म्हणे, मी गावाहून काम करतो म्हणून.