माठातला आवाज

वॉर्डनबाईंनी मला ऑफिसात बोलावलं तेव्हा त्यांच्या हातात तार होती. त्या आमच्याशी इंग्रजीतच बोलतात. म्हणाल्या, तुझे अंकल गेले. मला दोन काका आहेत, आत्याचे यजमान आहेत आणि एक मामा… इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. तार घ्यायला मी हात पुढे केला नाही. ती हातात येईपर्यंत ते कुणीही असू शकत होते. मग त्यांनी तार टेबलावर ठेवली आणि माझ्या बाजूने उलटं दिसत असूनही गावाचं नाव मला वाचता आलं. किन्हीराजा. मामाचं गाव.

दादारावमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिचा चेहरा फोटोतून माहीत आहे, आवाज आठवत नाही. वडील पोस्टात, सारखी बदली. म्हणून त्यांनी मला अमरावतीच्या कॉन्व्हेंटमध्ये, हॉस्टेलवर ठेवलं. सुटी लागली की मामा न्यायला यायचा आणि सुटी संपली की पोचवायला. त्याच्याकडे दुसऱ्याने वापरून काढून टाकलेली एक पिकअप होती, तिच्यातून तो सरकी आणि ढेपेची पोती वाहायचा. त्या वासात मी खिडकीतून बाहेर बघत बसायचे. तो काही विचारायचा, मी मान हलवायचे. शाळेत मराठी बोललं की शिक्षा आणि गावात इंग्रजी शब्द निघाला की हशा. मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले होते. एकदा वैतागून तो म्हणाला, "काहून वं माय, या गाडीचा हॉर्न सोडून समदं वाजते. अन् तू एवढी शिकून राह्यली, तुह्या तोंडातून शब्द निघत नाही!"

गाडीतला मूळचा रेडिओ इंजिन सुरू झालं की नुसता पुटपुटायचा. पैसे नव्हते, हौस होती. अकोल्याच्या भंगारातून मामाने अपघातात चेपलेल्या एका मोटारीचा कॅसेटटेप आणला. स्पीकर कुणाच्या तरी मोडक्या रेडिओतला. कॅसेट एकच, गावच्या गायन पार्टीने जयंतीला म्हटलेल्या गाण्यांची. मध्ये कुणीतरी खोकतं, एक कुत्रं भुंकतं. तरी आवाज काही उठेना. मग कारंज्याच्या एका हॉटेलात चहा पिताना त्याने माठाच्या तोंडावर बसवलेला स्पीकर ऐकला आणि घरी येऊन मामीचा पाण्याचा माठ उचलला. माठ सीटमागे बसला. खड्ड्यात आपटून फुटू नये म्हणून बाहेरून गोधडी आणि आवाज नको इतका घुमू नये म्हणून आत कापूस. कापूस घरच्याच वावरातला होता, वेचून आणलेला, सरकीसकट. आठवड्याभरात उंदरांनी सरकी शोधली आणि तिथवर पोचताना स्पीकरचा कागदी पडदा कुरतडून टाकला. मामाने माझ्या जुन्या वहीचं पान कणकेच्या खळीने चिकटवलं. उंदरांनी खळही खाल्ली.

मामी अंगणातून ओरडली, "घरात प्याले थंडं पानी नाही, अन् गाडीत उंदराइची पंगत!"

"गाणं आयकाले येतात वं थे," मामा म्हणाला, "तुह्यासारखे नाहीत."

शेवटी उंदरांनी तोंड लावू नये म्हणून खळीत विषारी मोरचूद घातलं, कापसातली सरकी काढली. ती काढायला आम्ही तिघं दुपारभर ओसरीवर बसलो होतो. पुढच्या वेळी मला पोचवायला निघाला तेव्हा शेलूबाजार मागे पडल्यावर त्याने एकदम टेपचं बटण फिरवलं. सगळी केबिन थरथरली. माझ्या पाठीत ढोलकी वाजत होती. त्या गदारोळात कुणाला काय ऐकू येणार, म्हणून कोरस आला तेव्हा मीही ओठ हलवले… मग गळाही. मामाने रस्त्यावरची नजर काढली नाही.

त्यानंतर प्रत्येक प्रवासात मी गायले. आणि प्रत्येक प्रवासात आवाज आधीपेक्षा जरासा कमी असायचा. आरसा नीट करता करता, घाम पुसता पुसता त्याची बोटं बटणाला लागून जायची. मला ते दिसत होतं. मला दिसतंय हे मी त्याला दिसू दिलं नाही. एवढ्या खटपटीने वाढवलेला आवाज तो का उतरवतोय, ते एकदाच बोलला, धनजच्या पुढे, रेल्वेच्या फाटकात गाडी थांबली तेव्हा. "ताई, तुही माय, निंदाले गेली का तिचं गाणं साऱ्या वावराले आयकू ये. थो आवाज मले कुठंच भेटला नाही. रेडिओवर नाही, टेपवर नाही…" फाटक उघडलं, त्याने गाडी काढली.

घरी त्याने मामीला सांगितलं होतं की पोरगी ताईसारखी गाते. मामीला पटायचं कसं? तिने माझं 'हो' आणि 'नाही' यांपलीकडे काही ऐकलेलं नव्हतं. "लबाड बोलाले लाज नाही वाटत?" ती म्हणायची. शेवटच्या वेळी मला पोचवून परत फिरताना तो हॉस्टेलच्या फाटकात म्हणाला, "एक डाव तुह्या मामीले आयकव. मले लबाड म्हनते थे." मी म्हटलं, पुढच्या सुटीत नक्की. महिनाभराने शेलूबाजारात पोती उतरवता उतरवता त्याच्या छातीत कळ आली.

सुटी लागली, मी एसटीने गेले. गाडी निंबाखाली उभी होती. मामी म्हणाली, विकावी लागते, तू गेल्यापासून टेपले कोनी हात नाही लावला, तुले पाह्यजे तं काढून ने. मी केबिनमध्ये जाऊन बसले. सरकीचा वास तसाच. चावी फिरवली, टेप चालू झाला, बॅटरीत थोडा जीव होता. पण गाणं कुठेतरी फार लांब, माठाच्या तळाशी. मी बटणाकडे पाहिलं. ते जवळजवळ शून्यावर होतं. म्हणजे त्या शेवटच्या प्रवासात धनजपासून अमरावतीपर्यंत जे चाललं होतं, ते मी एकटीच म्हणत होते. तेवढं मला दिसलं नव्हतं.

मामी ओसरीवर येऊन बसली. सूप मांडीवर, हात थांबलेले. "आवाज वाढव नं वं, मले आयकू येत नाही."

मी बटणाला बोट लावलं आणि काढून घेतलं. त्याने ते तिथे ठेवलं होतं. फिरवलं असतं तर मला पुन्हा ती जागा सापडली नसती… आत कुणीतरी खोकलं, कुत्रं भुंकलं, कोरस आला. माझा आवाज पहिल्यांदा फाटकाच निघाला, वहीचं पान चिकटवलेल्या स्पीकरसारखा. दुसऱ्या ओळीला जरा जमला. मामीने सूप खाली ठेवलं. मी काचेतून समोर बघत राहिले आणि तिला ओसरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत गेले.