चिखल्यांचं पत्रक

एखादा माणूस साथीच्या आजाराने गेला की त्याच्या घरी जाऊन एक फॉर्म भरावा लागतो. ते काम माझं नव्हे. मी आरोग्य खात्यात माहिती-शिक्षणाचं काम बघते. पत्रकं लिहायची, उपकेंद्राच्या भिंतीवरचे फलक तयार करायचे, गावोगाव सभा घ्यायच्या. पण त्या पावसाळ्यात माणसं कमी होती आणि गाव मिरजोळ्याच्या पुढेच, माझ्या घरापासून जवळ. म्हणून मला पाठवलं.

गेलेला माणूस चाळिशीचा. आठवडाभर कारखान्यात आणि सुट्टीला स्वतःच्या भातशेतीत. लावणीआधीची चिखलणी केल्यावर आठवड्याभरात त्याला ताप आला. पोटऱ्या ठणकत होत्या, पण त्या दमल्यामुळे असतील असं वाटून घरातल्याच तापाच्या गोळ्या घेतल्या. डोळे पिवळे झाले तेव्हा रिक्षा केली. तोवर लेप्टोने, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसने, मूत्रपिंडं निकामी केली होती. तिसऱ्या दिवशी गेला.

त्याची बायको पडवीत बसून माझ्या प्रश्नांची उत्तरं देत होती. ताप कधी आला, कुठे दाखवलं, शेतात किती दिवस काम केलं. शेवटचा प्रश्न होता, परिसरात जनजागृती करण्यात आली होती का? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही.

"उपकेंद्रातला लेप्टोचा फलक बघितला होतात का?" मी विचारलं.

"बघितला ना. मुलीच्या डोससाठी जायचे तेव्हा त्याच्याखालीच बसायचे. वाचलाय पण. बारावी झालेय मी."

"मग?"

"त्यात लिवलेला, बाधित प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्याशी संपर्क टाळावा. मना वाटला, ता गटाराचा वगैरे असेल. आमच्या शेतात कसला आलाय दूषित पाणी? पावसाचाच पाणी ता." तिने स्वतःच्या पावलांकडे बघितलं. मग म्हणाली, "यांच्या पायाला चिखल्या झालेल्या. बोटांच्या बेचक्यात नुसतं लालभडक. तेल लावून उतरले तसेच. त्यातून जातो काय आजार आत?"

"त्यातूनच जातो. उंदराचं मूत असतं ना चिखलात."

"मग तसा लिवायचा होता," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

तो मजकूर मी लिहिला होता. वरून आलेला नमुना समोर ठेवून, एका दुपारी, बाकीची पाच पत्रकं संपवता संपवता. नमुन्यात 'प्राणी' होतं म्हणून मीही 'प्राणी' लिहिलं. उंदीर हा साधा शब्द मला सुचला नव्हता असं नाही, पण तो सरकारी कागदावर बरा दिसणार नाही असं वाटलं होतं. मी फॉर्मवर 'होय'च्या चौकोनात खूण केली. खोटं काही नव्हतं त्यात.

नंतरच्या रविवारी नवीन मजकूर लिहून मी पुन्हा त्या वाडीत गेले. ती आणि शेजारच्या चार-पाच बायका बसल्या. 'पायाला चिखल्या असतील तर शेतात उतरू नका. उतरावंच लागलं तर आधी उपकेंद्रात या.' हे सगळ्यांना पटलं. पुढे उपकेंद्रातून मिळणाऱ्या प्रतिबंधक औषधाबद्दल 'आठवड्यातून एकदा जेवून कॅप्सूल घ्यावी' असं होतं. एक म्हातारी म्हणाली, "वार सांगा गो. एकदा म्हणजे कधी?" मी सोमवार लिहिलं.

त्याच सुमारास राज्याच्या पुढच्या वर्षाच्या आरोग्य आराखड्यासाठी जिल्ह्यांकडून सूचना मागवल्या होत्या. 'आरोग्य साक्षरता' या मथळ्याखाली रकाने होते: फलक किती, सभा किती, पत्रकं किती. वाचणाऱ्याला कळलं का, हा रकाना नव्हता. मी दोन पानांची टीप जोडली आणि मला बैठकीला बोलावणं आलं.

तिथला अधिकारी तरुण डॉक्टर होता, सभ्य, माझ्याइतकाच दमलेला. म्हणाला, "मॅडम, 'चिखल्या' हा शब्द गडचिरोलीत कोणाला कळणार?"

"नाही कळणार. म्हणूनच प्रत्येक जिल्ह्याला आपला मजकूर लिहू द्या. आणि छापायच्या आधी तो गावातल्या दहा माणसांना वाचून दाखवायचा, अशी अट घाला."

त्याने लिहून घेतलं. आराखडा मंजूर होऊन आला तेव्हा त्यात एक ओळ होती: 'जिल्हास्तरावर स्थानिक शब्दांचा वापर अनुज्ञेय राहील.' दहा माणसांची अट गेली होती. मी फोन केला.

"ते मोजायचं कसं, असं वर विचारलं," तो म्हणाला. "मी भांडलो, मॅडम. एवढीच ओळ वाचवता आली."

मी आभार मानले. मनापासून मानले, आणि फोन ठेवल्यावर ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

पुढच्या चिखलणीच्या आधी नवे फलक लागले. सगळीकडे नाही, काही गठ्ठे ऑफिसातच ओले झाले. पण एका उपकेंद्रातल्या सिस्टरचा फोन आला. एक म्हातारे गृहस्थ आले, खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, पायाला चिखल्या आहेत, गेल्या आठवड्यात नांगर धरला, कालपासून ताप आहे आणि पोटऱ्या दुखतायत. तिने लगेच औषध सुरू करून त्यांना पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पाच दिवसांनी ते चालत घरी गेले.

मला आनंद झाला असं सांगायला हवं. मी फक्त डबा उघडला आणि जेवले; त्या आठवड्यात पहिल्यांदाच सगळी भाकरी संपली.

संध्याकाळी त्या बाईला कळवावं म्हणून फोन केला. तिने ऐकून घेतलं, "बरा झाला," म्हणाली. मग विचारलं, "मॅडम, सासूबाईंना बीपीच्या गोळ्यांबरोबर एक कागद दिलाय. तो तुम्हीच लिवलात काय?"

"का?"

"मी दोनदा वाचला. त्यातला पण काय कळत नाय."

तो मी लिहिला नव्हता, पण तेवढ्याने काय होणार होतं? "शनिवारी येते," मी म्हटलं. "कागद जपून ठेवा. आणि वार विचारणाऱ्या त्या म्हाताऱ्या आजींनाही बोलवा."