'आय्तु' कोण म्हणालं

आमच्या घरात दिवसातून पन्नास वेळा तरी 'आय्तु' म्हटलं जातं. शब्द कानडी आहे. पण आम्ही म्हैसूरची जुनी मराठी माणसं तो इतक्या पिढ्या वापरतोय की तो परका आहे हे कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. जेवण उरकलं, आय्तु. उद्या ये, आय्तु. आणि समोरच्याची कटकट थांबवायची असली की तोच शब्द दोनदा, घाईघाईनं: आय्तु, आय्तु. म्हणजे झालं, कळलं, आता सोड मला. कानडीत त्याचा 'ठीक आहे, कबूल' असाही अर्थ होतो, हे आम्हाला ठाऊक होतंच. त्या अर्थात कुणी आपल्याला पकडेल, एवढं मात्र डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवशी मी कडकोळच्या कारखान्यात, स्टोअर्समध्ये, डबा उघडून बसले होते आणि इंटरनेट कंपनीची मेल आली. 'आपण फोनवर दिलेल्या संमतीनुसार' आमचा महिन्याचा साधा प्लॅन बंद होऊन दोन वर्षांचा नवा प्लॅन सुरू झाला होता. मध्येच सोडला तर दंड. शिवाय टीव्हीला जोडायच्या एका नव्या डब्याचं भाडं, जो डबा आमच्या घरी कुणी आणलाच नव्हता. मी तिथूनच फोन लावला. अर्धा तास गाणं ऐकवल्यावर एक बाई आली. संमती कोणी दिली, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे त्या मॅडमनी. आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे. त्यांनी स्पष्ट 'आय्तु' म्हटलंय."

कनेक्शन आईच्या नावावर होतं, कारण कुवेंपुनगरचं घर तिच्या नावावर आहे. माझा राग तिथल्या तिथे विझला. पुढची पोळी मला गिळवेना.

कंपनीच्या दंडाला मी घाबरले नव्हते. घाबरले ती आईसाठी. आई एकोणऐंशी वर्षांची. गेल्या वर्षी ती न्हाणीघरात पडली, तेव्हा पुण्याचा माझा थोरला भाऊ येऊन स्पष्ट सांगून गेला होता, की आईला एकटीला राहता येत नाही असं एकदा जरी दिसलं तरी तो तिला घेऊन जाणार. मी सकाळी आठला कंपनीच्या बसनं निघते ती संध्याकाळी सहाला परतते. मधले दहा तास आई एकटी. म्हणून हॉलमध्ये एक कॅमेरा बसवला आणि त्याच्यासाठी इंटरनेट घेतलं. जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर आईला बघायची. ती दिसली की मला जेवण जायचं. आणि आता ही आई कुणाही अनोळखी माणसाला फोनवर 'आय्तु' म्हणून करार करून मोकळी होत असेल, आणि तिला ते आठवतही नसेल, तर मग भावाचंच खरं होतं.

घरी पोचल्यावर मी चप्पलसुद्धा काढली नाही, तिथंच विचारलं.

"मी कोणाशी बोललेच नाही की गं," आई म्हणाली. ती घेवड्याच्या शेंगा सोलत होती.

"आई, नीट आठव. इंटरनेटवाल्यांचा फोन. नवीन प्लॅन घ्या म्हणाले असतील."

"नाही बाई. सुम्ने, उगीच काहीतरी म्हणतात ते."

"त्यांच्याकडे तुझा आवाज आहे. लॉक-इन लागलंय दोन वर्षांचं."

"लॉक? कोणाला लॉक करणार?" तिनं दाराकडे बघितलं.

एरवी मला हसू आलं असतं. त्या दिवशी मी पुन्हा विचारलं आणि मग तिसऱ्यांदा विचारलं. माझा स्वभाव तापट आहे, हे मी कशाला लपवू. घाबरले की मी ओरडते. तिसऱ्यांदा विचारल्यावर आईनं शेंगांचं ताट बाजूला ठेवलं आणि अगदी हळू म्हणाली, "म्हटलं असेल मी. आठवत नाही मला."

मी कपाळाला हात लावला, आणि त्याच तिरीमिरीत, तिच्यासमोरच, भावाला फोन करून सगळं सांगितलं. का सांगितलं? भीती एकटीनं धरवत नव्हती म्हणून. तो शांतपणे म्हणाला, "मग ठरलं आता. महिनाअखेरीला येतो मी आईला न्यायला." स्पीकर चालू होता.

पुण्याचं नाव काढलं की आई आक्रसते. तिथं अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे. पण आईनं तोंड उघडलं की लोक मान वळवून बघतात. ती 'अय्यो' म्हणते, नकोला 'बेडा' म्हणते, भाजीवाल्याला मध्येच कानडीत भाव विचारते. मागच्या खेपेला शेजारणीनं कौतुकानंच विचारलं होतं, "आजी, तुम्ही मराठी कधी शिकलात?" आई त्यानंतर उरलेले आठ दिवस घराबाहेर पडली नाही.

पुढचे तीन आठवडे मी कंपनीशी भांडले. मी मेल लिहायची, ते तीच मेल परत पाठवायचे. मी रेकॉर्डिंग मागायची, ते ऑफिसात या म्हणायचे. मी जात नव्हते. कामाचं निमित्त सांगायची, पण खरं म्हणजे मला ते ऐकायचं नव्हतं. आईच्या आवाजात, आईला न आठवणारं 'आय्तु' ऐकलं की मग काहीच उरणार नव्हतं.

घरात आईनं 'आय्तु' म्हणणं सोडून दिलं. फोन वाजला तर ती उचलेनाशी झाली. मी काही सांगितलं की नुसती मान हलवायची. आणि कॅमेऱ्यात मला भलतंच दिसू लागलं. आई हॉलमध्ये उभी राहून बोटांवर काहीतरी मोजायची, ओठ हलायचे, मध्येच अडायची, पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू करायची. एकदा ती कपाटातली एकेक साडी हातावर घेऊन हॉल ओलांडून गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. मग दुसरी साडी. मी डबा बंद केला. शेजारी बसणाऱ्या बाईनं "काय झालं?" विचारलं, तिला ॲसिडिटी म्हणून सांगितलं. विसरण्याच्या आजारात असं होतं म्हणतात सुरुवातीला. वस्तू इकडच्या तिकडे ठेवतात आणि विसरतात.

मग एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला तर कॅमेरा काळा. खाली बारीक अक्षरांत 'ऑफलाइन'. मी आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मला न्हाणीघराची ओली फरशी दिसायला लागली. साहेबांना काय सांगितलं ते आठवत नाही. नंजनगूड रस्त्यावर रिक्षा थांबवली, तो मागेल तेवढे देते म्हणाले. सबंध वाटेत मी आईला फोन लावत होते आणि कधी न घेतलेली देवांची नावं घेत होते. घराचं दार आतून बंद होतं. मी दोन्ही मुठींनी बडवलं.

आईनं दार उघडलं. धडधाकट. हातात वाती वळायचा कापूस.

"फोन का नाही उचललास?" मी किंचाळले.

"उचलू नको म्हणालीस न्हवं?" ती म्हणाली. मी म्हणाले नव्हते तसं, निदान शब्दांत तरी नाही.

वादातलं बिल मी भरलं नाही म्हणून कंपनीनं लाइन तोडली होती. मी आईला पाणी दिलं, स्वतः प्याले आणि त्याच पावली त्यांच्या ऑफिसात गेले. आता ऐकायचंच. उत्तरही वाटेत तयार केलं होतं: म्हैसुरात रस्त्यात भेटलेला माणूस 'ऊटा आय्ता?' विचारतो, जेवण झालं का म्हणून, आणि आपण 'आय्तु' म्हणतो. म्हणून काय त्याच्याशी आपला करार होतो? असं ठणकावून विचारणार होते.

काउंटरवरच्या माणसानं तक्रार बघितली, कॉम्प्युटरचा आवाज वाढवला आणि बटण दाबलं. एक मुलगी श्वास न घेता प्लॅनचं पाठांतर म्हणत होती. मागे कसला तरी घरघराट होता. मग कुणीतरी मागून कानडीत ओरडलं, खिडकी लावा, धूळ येतेय. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. आमच्या बसमध्ये मागच्या बाकावर पॅकिंग विभागातली एक बाई बसते, ती रोज कडकोळच्या वळणावर असंच ओरडते.

आणि मग आवाज आला, तुटक, वैतागलेला: "आय्तु, आय्तु. ठेवा आता."

माझा आवाज होता.

फोनवर आईचे नि माझे आवाज सारखे येतात, नातेवाईक नेहमी फसतात. पण मी कशी फसणार? नोंदीतला दुसरा नंबर माझा होता, आणि फोन त्यावर आला होता. फोन कुठल्या नंबरवर केला होता, एवढा एक साधा प्रश्न मी तीन आठवड्यांत एकदाही विचारला नव्हता. तो फोन मला आजही आठवत नाही. आईलाच दोष द्यायचा हे मी बहुधा ऐकण्याआधीच ठरवून बसले होते. मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

"'ठेवा' म्हणजे काय, मॅडम?" त्या माणसानं कानडीत विचारलं. फोन बंद करा, मी कानडीत सांगितलं. तो साहेबाशी बोलून आला आणि म्हणाला, न आलेल्या डब्याचं भाडं काढतो, दोन वर्षांचं एक वर्ष करतो, लाइन आज जोडतो. चालेल? तोंडात आलेला शब्द गिळून मी "हो" म्हटलं. मग ते रेकॉर्डिंग माझ्या फोनवर मागून घेतलं.

घरी येऊन आईला सांगितलं. सरळ सांगितलं, की तू नव्हतीस, मी होते. तिला खरं वाटेना, मी समजूत घालतेय असं वाटलं. म्हणून फोन तिच्या कानाला लावला. तिनं डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लाव म्हणाली. तीन वेळा ऐकलं.

"माझं नाही हे," ती शेवटी म्हणाली. "तुझंच. तू बसमध्ये असताना मी फोन केला की असंच म्हणतीस मला."

ती रागावली नव्हती. तिनं आवाज ओळखला होता, इतकंच.

मग ती कोचावर सावरून बसली. "सत्तावीसच्या सत्तावीस नक्षत्रं म्हणते मी रोज," ती म्हणाली. "आधी अडकत होते, आता येतात सगळी. तुझा भाऊ आला की म्हणून दाखवणार होते त्याला." आणि तिनं बोटांवर सुरुवात केली, अश्विनी, भरणी, कृत्तिका, ती रेवतीपर्यंत एका दमात. कॅमेऱ्यात मी बघत होते ते हे होतं.

मी भावाला फोन करून सगळा प्रकार सांगितला. तो आधी हसला, आणि मग येणार नाही म्हणाला. आईनं ते ऐकलं आणि खोलीत गेली. मी मागोमाग गेले. खाटेखालून तिनं पुण्याला न्यायची मोठी पिशवी ओढली. आत साड्या, औषधं, चष्म्याचं घर, आप्पांचा, माझ्या वडिलांचा, फोटो, सगळं घडी घालून भरलेलं. तीन आठवडे ती पिशवी तिथं होती.

ती एकेक साडी माझ्या हातात देत गेली आणि मी हॉल ओलांडून कपाटात ठेवत गेले. फोटो भिंतीवर परत लावला; तिथला रिकामा खिळा मला इतके दिवस दिसलाच नव्हता. पिशवीत शेवटी दोन साड्या राहिल्या. त्याही घ्यायला मी हात पुढे केला.

"इरली," आई म्हणाली. असू देत. आणि पिशवीची चेन लावून तिनं ती पायानं पुन्हा खाटेखाली सरकवली.