अध्यक्षाचा फेटा

आमच्या पेठंत तीन माणसं गोळा झाली की मंडळ निघतंय, आन् चौथा आला की फुटतंय. गर्दची पुडी गावात नवी नवी आलती तवाबी असंच एक मंडळ निघालं, पोरांची नशा सोडवायचं. अध्यक्ष कोण, तर मी. शाळंत मी गेलोय ते फकस्त हेडमास्तरांचं दूध घालायला. तरीबी अध्यक्ष मीच, कारण कमिटीत बाकी सगळ्यांची पोरं म्हणं लई शाणी. नशा करणारं पोरगं एकट्या माझ्याच घरात.

आता चिटणीसाचं आन् खजिनदाराचं पोरगं माझ्या पोराच्या मांडीला मांडी लावून रंकाळा तळ्याच्या मागं बसायचं, चांदीच्या कागदावर पूड वढत. सगळ्या पेठंला ठावं हुतं. पर पांढरी कापडं घालणाऱ्या बापाला कोण सांगणार?

माझं पोरगं सतरा वर्साचं, वाळल्या चिपाडागत झालतं. बायको त्याची भाकरी वाढायची आन् झाकून ठेवायची. ते माघारी माणसात यावं, येवढंच मला पायजे हुतं. त्यापायी मी गाढवाचंबी ऐकलं असतं, म्हणून तर कमिटीचं ऐकलं.

कमिटीनं आधी काय केलं? बोर्डावर कुणाचं नाव मोठं, यावर भांडली. मग रिक्षाला कर्णा बांधून दवंडी दिली, "नशा करणाऱ्या तमाम तरुणांनी संध्याकाळी तालमीत हजर ऱ्हावं! अल्पोपहाराची सोय हाय!" मी रिक्षावाल्याशेजारी बसून आमदारागत हात हलवत हुतो. पोहे खायाला म्हणून कोण "मी नशा करतोय बरं का" असं सांगत येतंय, हे एकाच्याबी टकुऱ्यात आलं न्हाय. माझ्या तर न्हाईच न्हाई.

सांजंला तालमीत खुर्च्या मांडल्या. आलं कोण? कॉलर धरून आणलेलं माझं पोरगं.

चिटणीस माझ्या कानाला लागला, "अध्यक्ष, शाल आणलीया, नारळ आणलाय, हलगीवाला येऊन बसलाय. कुणाचा तरी सत्कार झाला पायजे की."

"मग ह्याचाच करा की," मी म्हणलं.

मला आन् पोराला, दोघांस्नीबी फेटं बांधलं. चिटणीस माईकवर वराडला, "आपल्या पेठंतला पैला नशाबाज तरुण!" हलगी कडाडली. सगळ्यात जोरात टाळ्या कुणी वाजवल्या? मी. पोरगं तसंच फेट्यासकट भायेर पळालं.

"लाजला," मी कमिटीला सांगितलं, आन् त्याच्या वाटणीचंबी पोहे खाल्लं.

मग पोरगं घरला आलंच न्हाय. दुसऱ्या सांजंपतूर मी सगळं कोल्हापूर पालथं घातलं. डोस्क्यावरचा फेटा काढायचं ध्यानातच न्हाई. तसाच म्हस घेऊन गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो, तितं गिऱ्हाइकाम्होरंच धार काढून दूध इकत्यात. गिऱ्हाइकं गलास घेऊन हुबी.

"काय पावणं, वरात कुणाची?" एकानं इचारलं.

म्हस माझ्या पोराच्याच हाताची. नशा लागली तरी सांजच्या धारंला तेवढं ते यायचं. माझा हात लागला की पान्हा चोरायची. त्या दिशी तर तिनं अशी लाथ झाडली, की चरवी एकीकडं, फेटा शेणात आन् अध्यक्ष फेट्यावर.

समोरच्या कट्ट्यावरनं हसायचा आवाज आला. बघतोय तर तीन पोरं, माझं, चिटणीसाचं आन् खजिनदाराचं. माझं पोरगं उठून आलं.

"आबा, सरका. नुसतं शेपूट धरा."

"कुठं हुतास रं?"

"सरका म्हणलं न्हवं!"

ते धारंला बसलं. हात असं कापत हुतं, की निम्मं दूध गुडघ्यावर.

चिटणीसाचं पोरगं म्हणालं, "लेका, चरवीत पिळ की, इजार कशाला धुतोयास?"

"तुझं हात थांबल्यात व्हय? ये, बस!"

तेबी बसलं. म्हशीनं त्यालाबी प्रसाद दिला. मग हसता हसता माझ्या पोरानं खजिनदाराच्या पोराला इचारलं, "सकाळी हाडं दुखत्यात रं तुझी?"

"लई. घरात सांगतोय, ताप हाय."

मला वाटलं, आता अध्यक्षानं बोलाय पायजे. "पोरांनो, नशा म्हंजे—"

"आबा, शेपूट!"

मी शेपूट घट्ट धरलं. त्यातच पोरांचं भलं हुतं.

दुसऱ्या दिशी तिघं धारंला आली. हळूहळू आणखी चार वाढली. बोर्ड न्हाय, खुर्ची न्हाय. धार हुईपतूर कुणाला कसं झालं ते एकमेकांस्नी सांगायची, शिव्या घालायची, दूध पिऊन जायाची. वास लागल्यावर चिटणीस बोर्ड घेऊन आला, "आपल्या मंडळाची शाखा हितंच काढू!" तेवढ्यात म्हशीखालनं त्याच्याच पोरानं मान वर केली. चिटणीसानं बोर्ड उलटा केला.

"आमचा न्हवं त्यो," मला म्हणाला, "आमच्यासारखा दिसतोय." आन् गेला.

माझं पोरगं दोनदा परत घसरलं. दोन्ही बारीला पोरांनीच त्याला उचलून कट्ट्यावर आणलं. मी गेलो असतो तर हलगी घेऊन गेलो असतो. खजिनदाराचं पोरगं मात्र एक दिस यायचं थांबलं, ते थांबलंच. त्याचा बाप अजून सांगतोय, पोरगं तापानं गेलं.

मग एका सांजंला पोराच्या हातातली धार सरळ चरवीत पडाय लागली, फेस काठापतूर आला. पैला गलास त्यानं चिटणीसाच्या पोराला दिला, मग बाकीच्यांस्नी, मग गिऱ्हाइकांस्नी. मला न्हाईच. मी तितंच उभा, शेपूट धरून.

अध्यक्ष की.